मागच्या सीटचं काम

शरणबसवाचा जगातल्या एकाही कारागिरावर विश्वास नव्हता. नळवाला फसवतो, वायरमन बनवतो आणि गॅरेजवाला तर चांगला पार्ट काढून घेऊन खराब घालतो, असं त्याचं ठाम मत होतं. तो स्वतः सरकारी कचेरीत बसून दिवसभर लोकांना ‘उद्या या’ सांगायचा, त्यामुळे ‘उद्या या’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं हे त्याला आतून ठाऊक होतं. म्हणून घरातली सगळी दुरुस्ती तो स्वतः करी. आपला हात जगन्नाथ. त्याने बाथरूमचा नळ दुरुस्त केल्यापासून तो बंद करायला महेश्वरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, दोन्ही हात आणि एक पाय लागत असे. मिक्सर त्याने उघडून पुन्हा बंद केला, तेव्हापासून घरात चटणी पाट्यावर वाटली जाई, आणि पाट्यावरची चटणी कशी चवदार लागते हे तो जेवताना न चुकता सांगे.

गाडीवर मात्र त्याने अजून हात टाकला नव्हता. ती वेळ सासूबाईंच्या पाठीमुळे आली.

रत्नम्मा, त्याची सासू, अक्कलकोटला राहायची. तिच्या मणक्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं. मणक्यात स्क्रू घातले होते. डॉक्टर म्हणाले, दसऱ्याला खुशाल घरी न्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, हिसका बसता कामा नये. तेव्हा हॉस्पिटलच्या त्या खोलीत शरणबसव होता, महेश्वरी होती, आणि त्याचा साडू विरेश होता. विरेशचं अक्कलकोटात आडत दुकान आणि दारात नवी कोरी भलीमोठी पांढरी गाडी. सासूला दोघेही जावई ‘अत्ती’ म्हणत.

“अत्तींना मीच नेतो,” विरेश म्हणाला. “शरणअण्णाच्या गाडीत बसवलं तर डॉक्टरांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागंल.”

नर्स हसली. डॉक्टर हसले. शरणबसवाने ते पोटात घातलं असतं, पण महेश्वरीही हसली. तोंडाला पदर लावून हसली, पण हसली.

“अत्ती माझ्याच गाडीतून जातील,” शरणबसव म्हणाला. “मागचे दोन्ही शॉकअप मी स्वतः बदलतो. पोटातलं पाणी हललं तर नाव बदला माझं.”

रत्नम्माने छताकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पाठीत लोखंड घातलेल्या बाईला खड्ड्याची जी वाटेल ती. पण जावयाला तोंडावर नको म्हणायची रीत तिच्या घरात नव्हती.

नवमीच्या आदल्या दिवशी जुळे सोलापुरातल्या आपल्या घरासमोर शरणबसवाने गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली आणि मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली. फोन दगडावर उभा केला. त्यात एक पंजाबी माणूस हसत हसत हेच काम चहा निवायच्या आत करून दाखवत होता. समोरच्या घरातले आबासाहेब खुर्ची घेऊन आले. आबासाहेब मूळचे मंद्रूपचे, पोराच्या नोकरीपायी शहरात आलेले आणि इथे दिवसभर काय बघावं या विवंचनेत असलेले. त्यांना हे बरंच झालं.

“ह्यो माणूस काढतोय तो बोल्ट नवा दिसतोय,” आबासाहेब फोनमध्ये बघत म्हणाले. “तुमचा गंजलाय की.”

“बोल्ट तो बोल्ट, आबासाहेब.”

“व्हय, ते खरं. गंज तो गंज पण हाय.”

उजवी बाजू झाली. कशी झाली ते विचारू नये. तेल ओतलं, हातोडी मारली, पाना घसरला, अंगठा सोलला, आणि मग एकदाचा जुना शॉकअप बाहेर आला. स्प्रिंग निघाली, पुसून परत बसली, नवा शॉकअप लागला. शरणबसवाने कमरेवर हात ठेवून असं काही पाहिलं की आबासाहेबांना उठून उभं राहावंसं वाटलं. मग डावी बाजू उघडली. तिथलीही स्प्रिंग निघाली. स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारी रबराची जाड चकती, मधे भोक असलेली, त्याने साबणाने धुऊन ओट्यावर वाळत ठेवली. तोवर दिवस बुडाला आणि आबासाहेबांना जेवायची हाक आली.

“राहिलेलं उद्या,” शरणबसव म्हणाला. “तासाभराचं काम.”

उद्या खंडेनवमी होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. उलट ते त्याच्या फार लक्षात होतं. इतर वर्षी त्यांच्या घरात पूजेला सुरी, विळी, कात्री आणि फार तर पक्कड असायची. यंदा त्याच्याकडे पान्यांचा आख्खा नवा संच होता. सकाळी अंघोळ करून त्याने पाटावर लाल कापड अंथरलं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने पंख्यासारखे मांडले. मधे जॅक, बाजूला हातोडी, पलीकडे पक्कड. प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं, वर हळदकुंकू, वर झेंडू. नारळ तेवढा राहत नव्हता. ठेवला की लवंडायचा. शरणबसवाने इकडे तिकडे पाहिलं, ओट्यावरची रबरी चकती आणली, जॅकसमोर ठेवली आणि तिच्यावर नारळ बसवला. नारळ असा ठाम बसला की जणू कंपनीने ती चकती त्याच्यासाठीच बनवली होती. मग खुर्चीवर चढून वरून फोटो काढला आणि सासरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ज्याचे हात, त्याची पूजा.’

आधी नमस्कारांचा पाऊस पडला. मग हॉस्पिटलमधून रत्नम्माचा आवाज आला. पडल्या पडल्या बोलून पाठवलेला.

“जावईबापू, लई चांगलं मांडलाय. आता उद्या दसऱ्याची पूजा होईस्तोवर कशाला हात लावू नका, बरं का. पूजेला बसलेलं हत्यार उठवायचं नसतंय. माझ्या पाठीत पण लोखंडच हाय, त्याला पण हितनंच हात जोडा.”

सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. त्यात विरेशने तेवढं विचारलं, “अण्णा, मग गाडी कशानं जोडणार?”

इथे शहाण्या माणसाने ‘अरे हो की’ असं लिहिलं असतं, चार लोक हसले असते आणि विषय संपला असता. शरणबसवाने लिहिलं, ‘गाडी तयार आहे.’

मग तो बाहेर जाऊन गाडीपुढे उभा राहिला. एका बाजूला चाक नाही, दुसऱ्या बाजूला चाक नाही, डाव्या बाजूला तर आतलंही काही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला लागत होता एकच पाना, सतरा नंबरचा. तो आत हळदकुंकू लावून बसला होता आणि सगळं सासर त्याच्यावर लक्ष ठेवून होतं.

तो आबासाहेबांकडे गेला. त्यांच्या ट्रॅक्टरचे पाने मंद्रूपला, शेतातल्या घरी, पूजेत. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं आणि तराजूला हार घातला होता. “आज लोखंड द्यायचं न्हाय, साहेब. हवं तर रंग घेऊन जावा,” तो म्हणाला. शेवटी शरणबसव मोटरसायकल काढून विजापूर रोडला बसूच्या गॅरेजमध्ये गेला. ह्याच बसूला त्याने दोन वर्षांपूर्वी चारचौघांत चोर म्हटलं होतं. गॅरेजमध्ये ताडपत्रीवर हत्यारं मांडली होती, उदबत्ती लावली होती, आणि बसू इस्त्रीचा शर्ट घालून येईल त्याला चिरमुरे आणि पेढा वाटत होता. त्याने शरणबसवाच्याही हातावर पेढा ठेवला.

“सतरा नंबरचा पाना तेवढा दे रे. लगेच आणून देतो.”

“आज न्हाय, काका. हत्यार बसलंय. उद्या सोनं लुटलं की या.”

“अरे, गाडी उघडी पडलीय. मग तूच ये की, तूच लाव.”

“हातानं लावू का?” बसूने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

आयुष्यात पहिल्यांदाच एक गॅरेजवाला काम नको म्हणत होता आणि शरणबसव कर म्हणत होता. सोलापुरातला प्रत्येक पाना त्या दिवशी देव झाला होता. पेढा खाऊन तो घरी आला.

दुपारी महेश्वरी पुरणपोळीचा डबा घेऊन हॉस्पिटलला गेली. समोर आबासाहेब खुर्चीत मान टाकून घोरत होते. शरणबसव मांजराच्या पावलाने देवघराशी गेला. हात जोडले, डोळे मिटले, ‘गाडी अत्तींसाठीच जोडतोय’ असं देवाला सांगितलं. ते निम्मं खरं होतं. मग नारळाला धक्का न लावता सतरा नंबरचा पाना अलगद उचलला. पंख्यातली ती जागा रिकामी दिसू लागली. म्हणून स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, त्याला विभूतीची तीन बोटं ओढली, फूल वाहिलं आणि पान्याच्या जागी ठेवलं. लांबून कळत नव्हतं.

गाडीवर त्याने कव्हर ओढलं, ते मागच्या बाजूने जमिनीपर्यंत सोडलं आणि आत शिरला. आत अंधार, उकाडा आणि कान टवकारलेला शरणबसव. पंजाबी माणसाचा आवाज बंद करून ठेवला होता. काल स्प्रिंगच्या वर काहीतरी होतं, असं त्याला क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात बाहेर खुर्ची करकरली.

“शरणबसव, आत काय करताय?”

“हार बांधतोय, आबासाहेब. दसऱ्याचा.”

“चाकाच्या आतनं?”

“हो.”

आबासाहेबांनी खुर्ची पुन्हा सावलीत ओढली. “बांधा बांधा. ज्याची त्याची पद्धत.”

पाना हळदीने आणि तेलाने असा बुळबुळीत झाला होता की हातात राहीना. तरी त्याने स्प्रिंग बसवली, शॉकअप चढवला, आवळला, चाकं लावली, आणि गाडीसोबत आलेला जुना जॅक डिकीत होता, त्याने गाडी खाली घेतली. मागून दाबून पाहिली. उजवीकडून आवाज आला नाही. डावीकडून खट् असा आला. नवा पार्ट आहे, बोलणारच, असं तो स्वतःशी म्हणाला. पाना पुसून, विभूती लावून जागेवर ठेवला, उलथनं धुऊन टांगलं आणि संध्याकाळी महेश्वरी परत येईपर्यंत पेपर वाचत बसला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. महेश्वरी पाट आवरायला बसली. तिने नारळ उचलला.

“अहो, हे काय आहे?”

शरणबसवाने पाहिलं. ती चकती कुठे असायला हवी होती हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. स्प्रिंगचं लोखंड आता सरळ गाडीच्या लोखंडावर टेकलं होतं.

“ते होय? ते जादा येतं. कंपनी एक जादा देते.”

“डाव्या बाजूचं एक जादा, की उजव्या बाजूचं?”

“दोन्हीला मिळून एक.”

महेश्वरीने ती चकती उलटी सुलटी करून पाहिली. एका अंगाला साबणालाही न निघालेला जुना चिखल घट्ट धरून बसला होता. नवऱ्याकडे बघितलं. मग कुंकवासकट ती पर्समध्ये टाकली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. शरणबसवाच्या घरातलं कन्नड त्याच्या आजीबरोबर संपलं होतं; महेश्वरीचं माहेर मात्र निम्मं कन्नडात बोलायचं, आणि महत्त्वाचं सगळं त्या निम्म्यात असायचं. जिन्यात उभं राहून त्याने कान दिला. इतक्या मोठ्या बोलण्यात त्याला एकच शब्द कळला, तो म्हणजे रबर.

अजूनही वेळ होती. हत्यारं मोकळी झाली होती, पूजा उठली होती. हॉस्पिटलला फोन करून ‘दुपारी येतो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग काल गाडी तयार नव्हती हे सांगावं लागलं असतं, आणि ते विरेश ऐकणार होता. शरणबसवाने मनात दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या. एकीकडे म्हातारीची पाठ, दुसरीकडे साडूचं हसणं. हसणं जड भरलं. माणूस वाईट नव्हता, पण असल्या हिशेबात वाईट माणूस आणि चांगला माणूस एकाच उत्तराला येतात.

हॉस्पिटलच्या दारात रत्नम्मा चाकाच्या खुर्चीत बसली होती. कमरेला रुंद पट्टा, कपाळाला विभूती. एका बाजूला विरेशची पांढरी गाडी, दुसऱ्या बाजूला शरणबसवाची, हार घातलेली. विरेश नुसता त्या हाराकडे बघत होता, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

“चला अत्ती,” शरणबसवाने मागचं दार उघडलं. “पोटातलं पाणी हलणार नाही.”

“तुमच्याच गाडीत बसते की,” रत्नम्मा म्हणाली. “शब्द दिलाय तुमी. पण आदी एक करा. तुमी मागं बसून एक चक्कर मारून या. त्या मोठ्या चौकापातूर जावा आन् परत या. मग मी बसते.”

“मी मागे? मग चालवणार कोण?”

महेश्वरीने हात पुढे केला. तिच्याकडे लायसन्स लग्नाआधीपासून होतं. चावी मात्र कधी मिळाली नव्हती. आता दारात इतकी माणसं बघत असताना शरणबसवाला ती द्यावी लागली.

तो मागे, डाव्या अंगाला बसला. गाडी घेऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्या जागेवर तो पहिल्यांदाच बसत होता. धरायला काय आहे हे त्याला शोधावं लागलं.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर कुणीतरी हौसेने घातलेला गतिरोधक होता. मागचं चाक त्यावरून उतरलं आणि लोखंडावर लोखंड आदळलं. तो दणका सीटमधून वर आला आणि थेट माकडहाडात बसला. पुढे नळाच्या पाइपासाठी रस्ता खणून मातीने बुजवला होता. तिथे तो सीटवरून वर उडाला आणि परत खाली येण्याआधी सीटच त्याला भेटायला आली.

“हळू घे गं.”

“हळूच आहे.”

खरंच हळू होतं. चौकात वळताना त्याने एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने पुढची सीट धरली होती. त्याला आठवलं, मागे बसलेल्या माणसांना तो आरशात बघून विचारायचा, मस्त चाललीय ना? आणि सगळे मान हलवायचे. ती माणसं होय म्हणत नव्हती. गाडीच त्यांची मान हलवत होती. मग त्याला रत्नम्माच्या पाठीतले स्क्रू दिसले, एकेक. लाज वाटली, अशी की कचेरीत आयुष्यभर बसूनही त्याला कधी वाटली नव्हती.

परत आल्यावर तो दार धरून उतरला. ताठ व्हायला जरा वेळ लागला.

“कसं हाय, जावईबापू?” रत्नम्माने विचारलं. “बसू का मी?”

सगळे बघत होते. त्याच्याकडे वाक्यं तयार होती. नवा पार्ट आहे, दोनेक दिवसांत बसेल. रस्ताच वाईट आहे. महेश्वरीला चालवता येत नाही. यातलं कुठलंही चाललं असतं.

“नका बसू, अत्ती,” तो म्हणाला. “एक रबर घालायचं राहिलंय. आणि काल मी ‘तयार आहे’ म्हटलं, तेव्हा गाडी तयार नव्हती.”

विरेशने तोंड उघडलं. रत्नम्माने नुसता हात वर केला आणि त्याने ते मिटलं.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “तुमी बसा म्हणला असता, तर मी बसले असते. पाठ गेली असती तरी चाललं असतं. नाहीतर तुमी वर्षभर तोंड पाडून बसला असता, आन् ते माझ्या लेकीला बघावं लागलं असतं.”

ती हे रागाने बोलली नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगावं तसं बोलली. शरणबसवाने वाकून तिच्या खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची विरेशच्या गाडीपर्यंत स्वतः ढकलत नेली, वाटेतल्या प्रत्येक फरशीच्या जोडावर थांबत.

तिला बसवून तो परत आला आणि आपल्या गाडीचं पुढचं दार उघडायला गेला. ते आतून बंद होतं. महेश्वरीने पट्टा लावला होता आणि आरसा आपल्या उंचीला करून घेतला होता. शेजारच्या सीटवर आईची पिशवी, औषधं, उशी.

“मागं बसा,” ती म्हणाली. “इथं जागा नाही.”

पांढरी गाडी पुढे निघाली, इतकी सावकाश की रिक्षावाले तिला शिव्या देत पुढे जात होते. मागच्या काचेतून रत्नम्माचं पांढरं डोकं दिसत होतं. ते जराही हलत नव्हतं. शरणबसव दोन्ही हातांनी सीट धरून त्या डोक्याकडे बघत राहिला, आणि ते हलत नाही याचं त्याला मनापासून बरं वाटलं. मग अक्कलकोट रोडच्या तोंडाशी शेवटचा गतिरोधक आला, आणि महेश्वरीने तो काही हळू घेतला नाही.